मोठ्या सिक्लिड माशांचे सोबती

दोन फूट लांब, एक फूट रुंद व तितकीच उंच अशी काचेची टाकी आता केवळ मोठ्या शहरांतील दिवाणखान्यांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावचे दवाखाने, बँकांच्या शाखा, शाळांची कार्यालये अशा ठिकाणीही ती पाहावयास मिळते. टाकी घेणारा गृहस्थ दुकानातून परतताना बहुधा निरनिराळ्या जातींची एकेक जोडी आणतो. दोन गोल्डफिश, दोन एंजल, काचेवरील शेवाळ खाईल म्हणून एक सकर, ‘शार्क’ या नावाने विकले जाणारे दोन चपळ मासे आणि काळ्या अंगावर नारिंगी नक्षी असलेली ऑस्करची दोन इंची पिले. पहिले काही आठवडे हे संमेलन सुखाने नांदते. मग एके सकाळी एक मासा कमी भरतो. काही दिवसांनी दुसरा. सहा-आठ महिन्यांनी टाकीत ऑस्कर व सकर एवढेच उरतात आणि त्यांनाही अंग वळविण्यास जागा पुरत नाही. त्यांचे काय करावे हा प्रश्न पुष्कळदा त्यांना जवळच्या विहिरीत, पाझर तलावात किंवा नदीत सोडून मिटविला जातो. घरातील टाकीची अडचण अशा रीतीने गावाच्या पाण्यात जाऊन पडते. मोठ्या सिक्लिड माशांबरोबर कोणते मासे ठेवावेत, हा विषय म्हणूनच नुसत्या हौसेचा राहत नाही.

सिक्लिड हे मुख्यतः गोड्या पाण्यातील माशांचे एक अतिशय मोठे कुळ आहे. त्यात १,६०० हून अधिक जातींची नोंद झालेली असून त्यांपैकी बहुतेक आफ्रिकेतील सरोवरांत आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतील नद्यांत आढळतात. भारतात या कुळाच्या मूळच्या जाती तीनच. गोव्याच्या खाड्यांतील निमखाऱ्या पाण्यात मिळणारा आणि तेथील जेवणात मान असलेला कालुंदर हा त्यांपैकी एक. केरळात त्यालाच करीमीन म्हणतात व २०१० मध्ये तो त्या राज्याचा राज्यमासा म्हणून घोषित झाला. नाजूक, उंच परांचा एंजल हाही सिक्लिडच, आणि बाहेरून भारतात आणलेला टिलापिया म्हणजे आपल्याकडील चिलापी हादेखील त्याच कुळातला.

या कुळाची दोन वैशिष्ट्ये सोबत्यांच्या निवडीशी थेट संबंधित आहेत. पहिले म्हणजे त्यांच्या घशात जबड्यांची आणखी एक जोडी असते. पुढचे तोंड भक्ष्य पकडते आणि आतील जबडे ते चिरडतात. त्यामुळे खाद्याच्या बाबतीत हे मासे फारसे अडून बसत नाहीत. दुसरे म्हणजे ते अंड्यांची व पिलांची राखण करतात. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात, सिक्लिड मात्र जागा निवडतात, ती साफ करतात आणि तेथून इतरांना हाकलून लावतात. टाकीच्या मालकाला जो भांडखोरपणा वाटतो तो माशाच्या दृष्टीने संसाराचा बंदोबस्त असतो.

ऑस्करचेच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे मोठ्या सिक्लिडांपैकी सर्वाधिक परिचित तोच आहे. हा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील मासा. लुई अगासीझ या निसर्गशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले तेव्हा तो समुद्रातील मासा असावा असा त्याचा समज झाला होता. शेपटीच्या बुंध्याशी असलेला डोळ्यासारखा ठिपका ही त्याची खूण. दुकानात तो दोन-अडीच इंचांचा असतो. चांगल्या पाण्यात व योग्य आहारावर तो सुरुवातीस दरमहा सुमारे एक इंच वाढतो, वर्षभरात दहा इंचांच्या आसपास जातो आणि पुढे सावकाश बारा इंचांपर्यंत, क्वचित त्याहून अधिक होतो. दहा ते पंधरा वर्षे जगतो. खाद्य घालणाऱ्या व्यक्तीला तो ओळखू लागतो व ती जवळ येताच काचेपाशी धावतो. लोकांना त्याचा लळा लागतो तो यामुळेच.

येथे थोडे गणित करणे इष्ट होईल. शिक्षकांनी ते वर्गातही मांडावे. दोन इंचांचा मासा बारा इंचांचा झाला म्हणजे त्याची लांबी सहापट झाली. परंतु अंगाचा आकार तसाच राहिला असे धरल्यास त्याचे घनफळ, आणि म्हणून वजन, सहाच्या घनाइतके, म्हणजे सुमारे २१६ पट होते. त्याचे खाणे व त्याची विष्ठा लांबीच्या हिशेबाने वाढत नाही. ‘एका इंचाला एक गॅलन’ हा दुकानात सांगितला जाणारा नियम बोटभर लांबीच्या माशांपुरता ठीक आहे, ऑस्करला तो लागू पडत नाही.

‘टाकी लहान असली की मासाही लहानच राहतो’ हा असाच एक दृढ समज आहे. लहान टाकीत वाढ खुंटते हे खरे, पण ती साचलेल्या घाणीमुळे व उपासमारीसारख्या ताणामुळे खुंटते. अशा माशाचा कणा वाकतो, डोक्यावर खड्डे पडतात आणि तो आयुष्य अर्ध्यावर सोडतो. एका ऑस्करला चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी ही किमान गरज समजावी. ती नऊ घनफूट भरते आणि काठोकाठ भरल्यास तीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते. म्हणजे पाण्याचेच वजन अडीच क्विंटलहून अधिक झाले, काच व वाळू वेगळी. शाळेच्या जुन्या लाकडी टेबलावर अशी टाकी ठेवणे धोक्याचे होय. तिच्यासाठी लोखंडी चौकट व पक्की जमीन पाहावी. दोन ऑस्कर व काही सोबती ठेवावयाचे असल्यास टाकी सहा फुटांची हवी.

सोबत्यांची निवड करताना पहिली कसोटी तोंडाच्या मापाची आहे. ऑस्करच्या तोंडात जे मावते ते त्याचे खाद्य ठरते, मग त्या माशाची किंमत दहा रुपये असो वा हजार. मात्र हे माप आजचे धरून चालत नाही. पूर्ण वाढ झालेला ऑस्कर चार इंचांचा सडपातळ मासा सहज गिळतो. गप्पी, मॉली, टेट्रा, झेब्रा हे मासे त्याच्याबरोबर ठेवणे म्हणजे त्यास जिवंत खाद्य पुरविणेच होय. पश्चिम घाटातील ‘मिस केरळ’ हा तांबड्या-काळ्या पट्ट्याचा सुंदर मासाही अंगाने बारीक असल्यामुळे बाद ठरतो. शिवाय त्याची जात धोक्यात आलेली आहे. एंजल अंगाने उंच असल्याने लगेच गिळला जात नाही, पण त्याचे लांब पर कुरतडले जातात आणि तो कोपऱ्यात उपाशी उभा राहतो.

गोल्डफिशबद्दल स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण ही चूक सर्वांत अधिक होते. गोल्डफिश थंड पाण्यातला, संथ व गुबगुबीत. ऑस्करला २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते, गोल्डफिशला त्याहून थंड. दुकानदार मुद्दाम खाद्य म्हणूनही गोल्डफिश देतात. परंतु त्याच्या मांसात ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते आणि दाटीवाटीत ठेवलेल्या स्वस्त माशांबरोबर रोगही येतात. गोळीचे तयार खाद्य, गांडुळे, ताजी कोलंबी व मीठ न लावलेला सुका जवळा यांवर ऑस्कर उत्तम वाढतो.

दुसरी कसोटी पाण्याची. आफ्रिकेतील मलावी सरोवराचे रंगीत सिक्लिड आणि अ‍ॅमेझॉनचा ऑस्कर दोन्ही एकाच कुळातील, दोन्ही दांडगे. म्हणून ते एकत्र ठेवावेत असे सुचविले जाते. पण मलावीचे पाणी कठीण व अल्कधर्मी असते, त्याचा सामू आठच्या आसपास असतो. अ‍ॅमेझॉनचे पाणी मऊ व किंचित आम्लधर्मी असते. दोघांना मानवेल असे पाणी देणे म्हणजे कोणालाच न मानवणारे पाणी देणे. ऑस्कर सहनशील आहे, तो दख्खनच्या पठारावरील कूपनलिकेच्या जड पाण्यातही राहतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया निर्माण होतो आणि पाणी जितके अल्कधर्मी व जितके उष्ण, तितका तो अधिक विषारी ठरतो. गाळणीतील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर बरेच कमी घातक असे नायट्रेट बनवितात. परंतु नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणल्या दिवशीच सगळे मासे सोडले जातात आणि आठवड्याभरात ते एकामागून एक मरतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. दोष मात्र सोबत्याच्या भांडणाला किंवा दृष्ट लागण्याला दिला जातो!

विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा हा याच हिशेबाचा भाग आहे. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना तो सातच्या आसपास उतरतो. उष्णतेने माशांची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. त्यात वीज गेली की हवेचा पंपही बंद. सोबत्यांची संख्या जानेवारीतल्या पाण्यावर न ठरविता मे महिन्यातल्या पाण्यावर ठरवावी, आणि बॅटरीवर चालणारा लहान पंप घरात असू द्यावा.

आता चालणाऱ्या सोबत्यांकडे वळू. ऑस्करबरोबर ठेवण्यास सर्वांत विश्वासू मासा म्हणजे सिल्व्हर डॉलर. तोही दक्षिण अमेरिकेतला, चंदेरी, थाळीसारखा चपटा, सुमारे सहा इंच वाढणारा व शाकाहारी. अंगाच्या उंचीमुळे तो तोंडात मावत नाही आणि चपळाईमुळे हाती लागत नाही. तो थव्याने राहणारा असल्याने पाच-सहा एकत्र घ्यावेत व त्यांसाठी सहा फुटी टाकीच हवी. त्यांचा थवा वरच्या पाण्यात निर्धास्त फिरत असला की आसपास धोका नाही अशी ऑस्करचीही खात्री पटते व तो लपून बसत नाही. हे मासे दचकून उडी मारतात, म्हणून टाकीला झाकण पाहिजे. खरेदीच्या वेळी एक सावधगिरी बाळगावी. लहानपणी जवळजवळ असाच दिसणारा, पोट तांबूस असलेला पाकू हा मासा डॉलरच्या किंवा पिरान्याच्या नावाने गळ्यात मारला जातो. मासळीबाजारात रूपचंद म्हणून विकला जातो तो हाच. तो दीड-दोन फुटांचा व काही किलोंचा होतो. तो घरच्या टाकीचा मासा नव्हे.

सिक्लिडांपैकीच सोबती हवा असेल तर सेव्हरम हा आठ इंचांचा, शांत प्रकृतीचा मासा चांगला. लाल पॅरट हा १९८० नंतरच्या दशकात तैवानमध्ये तयार झालेला संकर असून त्याचे तोंड नीट मिटत नाही. त्यामुळे तो फारसा चावू शकत नाही व खाद्यासाठी मागे पडतो. ऑस्करबरोबर तो पुष्कळदा निभतो, पण त्याच्या वाटणीचे खाद्य त्याला मिळते की नाही हे रोज पाहावे लागते. जॅक डेम्सी व ग्रीन टेरर यांचे जमते किंवा जमत नाही. ते त्या त्या माशाच्या स्वभावावर अवलंबून असते. पट्टेदार कॉन्व्हिक्ट जेमतेम पाच इंचांचा, पण त्याची जोडी जमून अंडी घातली की तो आपल्या तिपटीच्या ऑस्करलाही कोपऱ्यात कोंडतो. एकच कॉन्व्हिक्ट ठेवल्यास हा प्रसंग टळतो.

दोन ऑस्कर एकत्र ठेवण्यातही एक अडचण आहे. त्यांतील नर कोणता व मादी कोणती हे बाहेरून ओळखता येत नाही. ते दोघे जुळले, तर एखाद्या सपाट दगडावर मादी हजाराच्या घरात अंडी घालते आणि त्या दिवसांत इतर सर्व सोबत्यांना उरलेली टाकी अपुरी पडते. जुळले नाहीत, तर दुबळ्याला मार खावा लागतो. दुसरी टाकी किंवा निदान काचेचा पडदा हाताशी नसेल तर एकावर थांबावे.

नवा मासा सोडतानाही पद्धत आहे. तो आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून रोग नाही याची खात्री करावी. शांत मासे आधी सोडावेत, दांडगे नंतर. जुन्या रहिवाशाच्या टाकीत भर घालावयाची असेल तर त्या दिवशी दगड व लाकडे हलवून मांडणी बदलावी, म्हणजे जुन्याचीही हद्द पुसली जाते व सर्वांना नव्याने जागा शोधावी लागते. हा साधा उपाय आश्चर्य वाटावे इतका उपयोगी पडतो. पहिल्या दोन दिवसांत किरकोळ धक्काबुक्की होणारच. पर फाटू लागले किंवा एखादा मासा खाण्यास येईनासा झाला, तर मात्र वाट पाहू नये.

फ्लॉवरहॉर्न या कपाळावर मोठे टेंगूळ असलेल्या माशाला सोबती कोणता, असेही विचारले जाते. उत्तर सरळ आहे: कोणताही नाही. १९९० नंतरच्या दशकात मलेशियात संकराने तयार झालेला हा मासा आरशातील स्वतःच्या प्रतिबिंबावरही तुटून पडतो. तो घरात भाग्य आणतो या समजुतीने त्याला हजारो रुपये मोजले जातात. भाग्याचे काय ते असो, त्याच्या टाकीत सोडलेल्या दुसऱ्या माशाचे दुर्भाग्य मात्र निश्चित असते. रेड डेव्हिलचेही तसेच. आणि ऑस्करलाही एकटेपणाचे दुःख असते असे समजण्याचे कारण नाही. चार फुटी टाकीतला एकटा, धष्टपुष्ट ऑस्कर हे सहा जातींच्या गर्दीपेक्षा केव्हाही चांगले दृश्य होय.

तळाशी फिरून ‘सफाई’ करणारे मासे हा सगळ्यांत गैरसमजाचा भाग आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेला सकर तीन इंचांचा असताना वीस-तीस रुपयांत मिळतो आणि काचेवरचे शेवाळ खातो म्हणून जवळजवळ प्रत्येक टाकीत जातो. तो वाढून दीड फुटांचा होतो. तो विष्ठा खात नाही. उलट स्वतः भरपूर विष्ठा टाकतो. लहान असताना ऑस्करने तोंडात धरलाच तर त्याचे पराचे काटे ताठ होऊन घशात अडकतात व दोघेही मरतात. मोठा झाल्यावर तो रात्री स्वस्थ पडलेल्या चपट्या माशांच्या अंगावरील बुळबुळीत थर खरवडतो. ‘शार्क’ म्हणून विकली जाणारी पिले तर पंगसची असतात. हा शेततळ्यांत व जलाशयांतील पिंजऱ्यांत वाढविला जाणारा खाद्यमासा असून तो तीन फुटांहून मोठा होतो. सफाईचे खरे काम दर आठवड्याला मालकानेच करावयाचे असते. पाव ते तृतीयांश पाणी नळीने तळातून काढावे आणि तितकेच ताजे पाणी भरावे. नळाचे पाणी क्लोरीन निघून जाण्यासाठी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे किंवा त्यात दुकानात मिळणारे हायपोचे खडे प्रमाणात टाकावेत.

सकरचा पुढचा प्रवास पंचायत सदस्यांनी आवर्जून समजून घ्यावा असा आहे. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ क्षेत्रात, केरळात आणि आंध्र प्रदेशात हा मासा आता मुक्त पाण्यात स्थिरावलेला आहे. नैसर्गिक रीतीने तो येथे येणे शक्य नव्हते. त्याचे अंग कवचासारख्या खवल्यांनी झाकलेले असल्यामुळे स्थानिक शिकारी मासे त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. काठाच्या मातीत लांब बिळे करून तो अंडी घालतो, त्याने काठ ढासळतात. पाण्यात प्राणवायू कमी झाला तर तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. त्याचे काटे जाळ्यात अडकतात, जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला दर नसतो. पाझर तलावाचा ठेका घेतलेल्या मच्छीमार सहकारी संस्थेला अशा माशापासून उत्पन्न तर नाहीच, उलट जाळ्यांचा खर्च वाढतो.

परक्या सिक्लिडचा आपल्याकडील अनुभव तर सात दशकांचा आहे. मोझांबिक टिलापिया १९५२ मध्ये अन्नोत्पादनाच्या हेतूने भारतात आणला गेला. तो अंडी-पिले तोंडात सांभाळतो, वर्षातून अनेकदा वितो, आणि एकदा पाण्यात शिरला की काढता येत नाही. भीमेवरील उजनी जलाशयात आज चिलापी हे मच्छीमारांच्या जाळ्यातले नेहमीचे मासे आहेत. त्यांवर अनेक कुटुंबांची चूल पेटते, हेही नाकारता येणार नाही. परंतु हा लाभ स्थानिक जातींच्या जागेवर उभा आहे, आणि तसा निर्णय एखाद्या टाकीमालकाने आपल्या सोयीसाठी परस्पर घ्यावा असा नव्हे. ऑस्करही अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या उष्ण पाण्यात अशाच रीतीने स्थिरावलेला आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या सुधारणेने परकीय आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणूक व प्रसार यांचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र शासनास दिला आहे. मोठ्या सिक्लिडांचा ‘राजेशाही’ सोबती म्हणून मिरविला जाणारा आशियाई अरोवाना आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत पहिल्या परिशिष्टात असून, अशा जाती बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करावयाची आहे. दुकानातील पावती ही त्या नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

टाकीत मासा नकोसा झालाच तर विकत घेताना दुकानदाराशी तो परत घेण्याबद्दल बोलून ठेवलेले उपयोगी पडते. अनेक दुकानदार मोठा ऑस्कर आनंदाने घेतात, कारण मोठी टाकी असलेले ग्राहक त्यांच्याकडे असतात. सकर घेण्यास ते सहसा तयार होत नाहीत, म्हणून तो मुळातच आणू नये. इतर हौशी मंडळी, मोठे हौद असलेली महाविद्यालये यांच्याकडे विचारणा करता येते, आणि काही सुचले नाही तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घ्यावा. गणेश विसर्जनाचा हौद, देवळाचे तळे, शेततळे किंवा वापरात नसलेली विहीर ही ठिकाणे बंदिस्त वाटली तरी पावसाळ्यात त्यांतील पाणी ओसंडून ओढ्याला मिळते. मेलेला मासा मातीत खोल पुरावा. टाकीतून काढलेले पाणीही गटारात किंवा ओढ्यात ओतू नये, कारण त्यातून अंडी व रोगजंतू जाऊ शकतात. नायट्रेटमुळे ते झाडांना खताचे काम देते, तेव्हा शाळेच्या बागेतील कुंड्या व परसातील केळी यांना ते घालावे.